वर जायचं तर घसा कोरडा

सोमवार, ४ मार्च

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दुखणं कधी येतं, कसं येतं ते लिहून ठेवा. म्हणून ही वही काढली. शाळा सुटल्यापासून सहीपलीकडे मी काही लिहिलेलं नाही, तेव्हा अक्षराला कुणी नावं ठेवू नयेत. तशी वाचणार तरी कोण म्हणा.

काल गच्चीवर कपडे वाळत घालत होते. नवऱ्याची पँट दोरीवर टाकली आणि उजव्या कुशीत कुणीतरी पान्हा लावून आवळतंय असं झालं. आधी वाटलं उसण भरली. मग खाली बसले, मग आडवी झाले, मग उठून भिंतीला कपाळ टेकलं. कशानेच बरं वाटेना. मुलीच्या वेळच्या कळा सोसल्यात मी, पण त्या मध्येच श्वास घ्यायला सवड तरी देतात. ही मेली एकदा चढली की खाली यायचं नावच घेत नाही. ओल्या चादरीवर उलटी झाली आणि त्या अवस्थेतही मनात आलं की आता ही परत धुवायची.

नवरा खाली पुढच्या खोलीत मशीन दुरुस्त करत बसला होता. शिवणयंत्रं दुरुस्त करणं हा त्याचा धंदा. तो वर आला तो हातात तेलाची बुधली घेऊनच, आणि दवाखान्यापर्यंत ती त्याच्या हातातच होती.

तपासणीत निघाला मुतखडा. डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर दाखवला. डाळीच्या अर्ध्या दाण्याएवढा असेल नसेल, मूत्रनळीत अडकून बसलाय. मूर्ती लहान पण कीर्ती महान. त्या म्हणाल्या, भरपूर पाणी प्या, बहुतेक आपोआप पडेल, नाही पडला तर दुर्बीण घालून काढू. आणि विचारलं, दिवसाला पाणी किती पिता?

मी म्हटलं, कामावर पीत नाही.

त्यांना वाटलं मी थट्टा करतेय. मग सगळं सांगावं लागलं. मी फाउंड्रीत क्रेन चालवते. छताखाली रुळांवर फिरणारी क्रेन असते, तिच्या पोटाला माझी केबिन. वर चढायला उभी शिडी आहे. मी मधेच खाली उतरले तर क्रेन थांबते, क्रेन थांबली की भट्टी थांबते, भट्टी थांबली की सगळी शाळा, आमच्या ओतकामाच्या शेडला शाळाच म्हणतात, माझ्याकडे बघते. ज्यांनी मला शिकवलं ते म्हातारे ऑपरेटर म्हणायचे, वर जायचं तर घसा कोरडा. लघवी लागलीच तर ते वापरायचे बाटली, आणि बाटली ही काही बाईमाणसाची सोय नव्हे. मी पहिल्यांदा चढले तेव्हा खालून कुणीतरी मोठ्याने बोललं होतं की बाई म्हणजे दर तासाला खाली. त्याला अकरा वर्षं झाली. जेवणाची सुट्टी सोडली तर मी आजवर एकदाही मधे उतरलेली नाही. हे सांगताना मला वाटलं डॉक्टरीणबाई कौतुक करतील. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, हा खडा त्याचाच आहे.

वर जाऊन काम करायचं नाही, कामावर कळवा, असं त्यांनी बजावलंय. दुखण्याची गोळी दिलीय, पण ती घेऊन सायकलसुद्धा चालवायची नाही म्हणे.

मी काही कळवणार नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

बुधवार, ६ मार्च

आज फोरमनसाहेबांनी सगळ्यांना गोळा करून सांगितलं, या महिन्याच्या २२ तारखेला मोठं ओतकाम आहे. जहाजाच्या पंख्याचा गाभा. एवढा मोठा नग आपल्या शाळेत आजवर ओतलेला नाही. बादली काठोकाठ भरून न्यायची आणि मधे कुठेही थांबायचं नाही, नाहीतर रस थिजतो. बादली म्हणजे वितळलेल्या लोखंडाची. नावाला बादली, आत चार माणसं उभी राहतील. मग साहेब माझ्याकडे वळून म्हणाले, “हे तुमच्याच हाताने व्हायला पाहिजे.”

सगळ्यांसमोर म्हणाले. मला इतकं बरं वाटलं की तासभर कूस दुखायची विसरली. आता सांग म्हणावं कुणी मला, कामावर कळवा म्हणून.

घरी येऊन पाणी प्यायला बसले. दिवसभराचं राहिलेलं एका बैठकीत भरून काढायचं म्हणजे काय खायचं काम आहे? नवरा समोर बसून पेले भरतो, लिंबू पिळतो आणि मशीनला तेल पाजतानासारखं तोंड करतो.

शनिवार, ९ मार्च

आज वर असताना कळ आली. मोठी नव्हती, पण घाम फुटला. साच्याचं झाकण उचलून नेत होते, आणि तेवढ्यात मौनीकाकांनी मूठ वर केली.

मौनीकाका म्हणजे माझे इशारेवाले. बादलीशेजारी उभं राहून हाताच्या खुणांनी सांगायचं, उचल, डावीकडे घे, सावकाश सोड. मूठ वर केली की थांबायचं, मग काही का असेना. आवाजात उभा जन्म गेला, त्यामुळे त्यांची तोंडाने बोलायची सवयच मोडलीय, म्हणून मौनी. त्यांच्या दहा बोटांना जेवढं बोलता येतं तेवढं आमच्या फोरमनला माइकवरून येत नाही.

तर त्यांनी मूठ वर केली आणि तशीच धरून ठेवली. कशासाठी? वाट मोकळी, साखळी सरळ, कुठे काही नाही. मी वरून हात उडवून विचारलं, काय? ते साच्याशेजारी उभे राहून नुसते वर बघत राहिले. कळ ओसरली, मी कपाळ पुसलं, आणि मग कुठे त्यांनी मूठ उघडली.

वय झालं, दुसरं काय. की आणखी काही आहे? त्यांचा जावई रात्रपाळीला शेजारच्या शेडमधली जुनी क्रेन चालवतो. दिवसपाळी आणि माझी केबिन मिळाली तर त्याला हवीच असणार.

रविवार, १० मार्च

सकाळी दोनदा कळ आली. गोळी घेतली आणि दुपारभर झोपले. नवऱ्याचं एकच पालुपद, सांगून टाक. मी त्याला माझी शपथ घातली की फोरमनला एक शब्द सांगायचा नाही. तो म्हणाला, बरं, फोरमनला नाही सांगत. मग दोरा आणायला म्हणून बाहेर पडला तो दिवेलागणीला आला, तेही हात हलवत. म्हणाला, दुकान बंद होतं. एवढा वेळ बंद दुकानासमोर उभा होतास का, असं विचारलं तर मशीनमध्ये डोकं घालून बसला. भोळा सांब आहे अगदी. याला खोटं बोलता येत नाही, तेवढं एक बरं आहे.

मंगळवार, १२ मार्च

आज काय झालं ते लिहिताना अजून डोकं तापतंय. हूक खाली सोडला तर काकांनी त्याला पाण्याचा कॅन बांधला आणि अंगठा वर केला, उचल. सगळे बघत होते. मी कॅन वर आणला, केबिनच्या दाराशी आला तसाच परत खाली सोडला. आम्ही काय बकऱ्या आहोत, असं पाणी दाखवायला? खाली दोघेतिघे हसले. काकांनी कॅन सोडला, बाजूला ठेवला आणि कामाला लागले.

सगळ्यांना कळायला नको का, बाईला तहान लागते म्हणून! मला खाली यायला लावायचं, आणि मग म्हणायचं, बघा. चांगलीच चाल आहे. तोंडात तीळ न भिजणारी माणसं बरी, ही मुकी माणसं फार पोचलेली असतात.

गुरुवार, १४ मार्च

नवीन टूम. काकांनी फोरमनला जाऊन सांगितलं की उन्हामुळे दोर तापतोय, सकाळी मधे एकदा क्रेन थांबवून तपासायला हवा. फोरमनने मान डोलावली. आता रोज दहाच्या सुमारास क्रेन थांबते आणि काका निवांत दोरावरून फडकं फिरवत बसतात. दोराला काही झालेलं नाही. मी सकाळीच बघितलाय. पण क्रेन थांबलीच आहे म्हटल्यावर मी खाली उतरून बाथरूमला जाऊन येते. त्यांच्या आळशीपणाचा तेवढाच फायदा.

दुसरं म्हणजे ते आडोशाबाहेर उभे राहायला लागलेत. इशारेवाल्यासाठी पत्र्याचा आडोसा आहे, रस उडाला तर अंगावर येऊ नये म्हणून. त्याच्या कडेने हात बाहेर काढून खुणा करायच्या. इतकी वर्षं काका तिथेच उभे राहायचे. आता आठवडाभर पुढे येऊन उघड्यावर उभे राहतात आणि बादली सोडून माझ्याकडेच टकामका बघत असतात. चुका शोधत असणार, दुसरं काय.

जेवणाच्या सुट्टीत ते माझ्याजवळ आले. मला वाटलं, आता बोटं नाचवतील. पण तोंडाने बोलले.

“पोरी, चार दिवस रजा टाक.”

मी म्हणाले, “आणि केबिनमध्ये कोण बसणार? तुमचे जावई?”

त्यांनी गळ्यातल्या फडक्याने तोंड पुसलं आणि निघून गेले. बरोब्बर वर्मावर बोट पडलं. मग दिवसभर मला स्वतःचं कौतुक वाटायला हवं होतं, ते का वाटलं नाही कोण जाणे.

रविवार, १७ मार्च

डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आले. खडा तसूभर हललेला नाही. माझ्यासारखाच हट्टी आहे. त्या म्हणाल्या, गुरुवारी दुर्बिणीने काढून टाकू. मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात. त्यांनी कारण विचारलं, मी घरात कार्य आहे म्हणाले. नवरा शेजारी बसून टेबलावरचा कागद दुमडत होता. कामावर सांगितलंत ना, असं त्यांनी त्यालाच विचारलं. तो म्हणाला, सांगितलंय. खाली आल्यावर मी त्याची पाठ थोपटली, वेळेला धावलास म्हटलं. तो हसला नाही.

मी भीत नाही असं नाही. या वहीला काय लपवायचं. काल बादली नेताना कळ आली असती तर, हा विचार डोक्यातून जात नाही. पण केबिन गेली तर मी कोण? खाली मी मशीनवाल्याची बायको, कुणाची तरी वहिनी, कुणाची तरी मामी. वर गेले की सबंध शाळा माझ्या हाताकडे बघते. अकरा वर्षांनी एका दाण्यासाठी ते सोडून द्यायचं? एकदा ते ओतकाम होऊ दे. मग खडा काढू दे नाहीतर मूत्रपिंड काढू दे.

गुरुवार, २१ मार्च

उद्या. आज कळ नाही. नवरा जेवला नाही. उद्या राखीव ऑपरेटर म्हणून काकांनी जावयाला दिवसा बोलावून घेतलंय, असं संध्याकाळी कळलं. शिडीपाशीच उभा करणार आहेत. ही म्हणजे हद्द झाली. उद्या दाखवते सासऱ्याला आणि जावयालाही.

रविवार, २४ मार्च

लिहायचं की नाही, दोन दिवस ठरत नव्हतं. लिहिते.

शुक्रवारी सकाळी घोटभर पाणीसुद्धा प्यायले नव्हते. गोळी घेतली नाही, डोकं ताळ्यावर हवं म्हणून. भट्टीचं तोंड फोडलं, रस बादलीत पडायला लागला आणि कुशीत बारीक सुरू झालं. तेव्हाच मला कळलं होतं. हे मी स्पष्ट लिहून ठेवते, कारण पुढे मलाच वाटायला लागेल की कळ अचानक आली. अचानक नाही आली. हाताशी घंटा आहे. तिचा दोर लांब ओढला की खाली समजतात, ऑपरेटरला जमत नाही. बादली अजून जमिनीवर होती. जावई शिडीशी उभा होता. दोर ओढला असता तर घटकाभराचा खोळंबा, बाकी काही नाही.

मी बादली उचलली.

अर्ध्या वाटेपर्यंत ठीक गेलं. काका उघड्यावरच उभे होते, एक हात वर, तोंड माझ्याकडे. मग ती कळ आली, गच्चीवरची. डोळ्यांपुढे अंधार आला आणि हाताने दांडा पुढे ढकलला. मी तो ढकलला नाही, हाताने ढकलला, पण हात माझाच ना. मग मी तो सोडला. दांडा सोडला की क्रेन जागच्या जागी उभी राहते. खाली लोंबणारी बादली राहत नाही. ती झोक्यासारखी पुढे गेली, मागे आली आणि काठावरून रस सांडला.

खाली ठिणग्यांचा नुसता फवारा उडाला. लोक पळाले. धूर जरा विरला तर काका तिथेच होते. उजवा हात पोटाशी धरलेला, बाही जळालेली. आणि डावा हात वर. मूठ.

मी थांबलेच होते. पण ती मूठ तशीच होती, बादलीचा झोका पुरता थांबेपर्यंत. मग त्यांनी डाव्या हाताची बोटं उघडली आणि दाखवलं, डावीकडे. सावकाश. आणखी सावकाश. थांब. सोड. मला दिसत काही नव्हतं, कळ तशीच चालू होती, दिसत होता तो तेवढा एक हात. त्याच्यामागे मी बादली चबुतऱ्यावर आणून टेकवली. ती टेकल्यावर काका खाली बसले.

मग मी घंटेचा दोर ओढला.

जावई वर आला. मला बाजूला घेऊन त्याने खुर्ची धरली. सासरा खाली जमिनीवर बसलेला, तरी त्याने पुढे बघितलं आणि ओतकाम पुरं केलं. मला दोघांनी धरून उतरवलं. फोरमन धावत आले, काय झालं म्हणाले. सगळी शाळा भोवती. मी म्हणाले, “मला मुतखडा आहे. महिन्याच्या सुरुवातीपासून. मी कुणाला सांगितलं नाही.”

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

बुधवार, २७ मार्च

काल खडा काढला. गुंगी उतरल्यावर डॉक्टरीणबाईंनी एका डबीत घालून दाखवला. काटेरी आणि मातकट रंगाचा. एवढंसं ते. त्याच्याकडे बघून राग येईल असं वाटलं होतं, पण रागसुद्धा त्याच्यापेक्षा मोठा पडला. मी डबी परत दिली.

काका याच दवाखान्यात वरच्या मजल्यावर आहेत. आज नवऱ्याचा हात धरून जिना चढले. काका झोपले होते, काकू उशाशी बसल्या होत्या. उजव्या हाताला कोपरापर्यंत पट्टी. डॉक्टर म्हणालेत हात राहील, पण दोन बोटं आता पुरती मिटणार नाहीत.

मी काकूंच्या पाया पडायला वाकले तर त्यांनी पाय मागे घेतले.

“त्यांना माहीत होतं,” काकू म्हणाल्या. “मागे एका शनिवारी घरी आले तेव्हाच म्हणाले, पोरीला वर काहीतरी होतंय. नंतर तर नक्कीच कळलं. रोज सकाळी डबा घेताना म्हणायचे, आज सांगेल ती. मी म्हटलं, तुम्हीच का सांगत नाही फोरमनला? तर म्हणे, मी सांगितलं तर तिला उतरवतील आणि परत चढू देणार नाहीत. तिने सांगितलं तर गोष्ट वेगळी. म्हणून वाट बघत बसले. रोज त्या बादलीपाशी.”

रडू आलं, पण काकूंसमोर रडायचा मला हक्क नव्हता, म्हणून बाहेर येऊन रडले.

एकच गोष्ट कळत नाही, काकांना नंतर नक्की कळलं ते कसं? मी नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, जाणत्या माणसाला कळतं. आणि जिना उतरताना त्याने माझा हात इतका घट्ट धरला होता की मला सांगावं लागलं, अरे दुखतंय.

मंगळवार, २ एप्रिल

फोरमनने बोलावलं होतं. चहा मागवला. म्हणाले, आता खडा निघालाय, आजारपण काय, कुणालाही येतं. अपघाताचं मात्र वर कळवावं लागेल. काकांनी स्वतःहून सांगितलंय की चूक त्यांची. आडोशाबाहेर उभं राहायचं नाही असा नियम आहे, ते राहिले, बादलीच्या वाटेत आले. तसंही त्यांचे थोडेच दिवस राहिलेत, त्यांना घरी बसवतील. तुम्ही सोमवारपासून वर जा.

सोमवारपासून वर जा. मी हे तीन शब्द ऐकले आणि खोटं का लिहू, चहा संपेपर्यंत गप्प बसले. मनात एवढंच चाललं होतं की काकांनी स्वतः सांगितलंय, मी थोडंच सांगितलं. माणूस आपल्याच मनाशी किती गोड बोलतो.

पेला रिकामा झाला. मग मी म्हणाले, “साहेब, काकांनी काही केलेलं नाही. बादली जमिनीवर असतानाच मला कळ सुरू झाली होती. घंटा माझ्या हाताशी होती. मी वाजवली नाही.”

साहेबांनी खिडकी लावून घेतली. म्हणाले, हे असं कळवलं तर तुम्हाला केबिन विसरावी लागेल. वर्षभर तरी. पुढचं पुढे बघू, मी शब्द देत नाही.

मी म्हटलं, तसंच कळवा.

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो मशीनचं चाक हाताने फिरवत राहिला आणि म्हणाला, चल, लिंबू पिळतो.

मंगळवार, ९ एप्रिल

मला खाली ठेवलंय, काकांच्या जागी. इशारे द्यायला. वर जावई. शाळेतल्या मंडळींनी कालचा दिवस भीड पाळली, आज टोमणे सुरू झाले. चढली घोड्यावर आणि आली पायावर, असं एकजण म्हणाला. म्हणू दे. खरं आहे त्याला काय उत्तर.

सकाळी आडोशामागे उभी राहिले. तिथून बादली छान दिसते. हूक दिसतो, साखळी दिसते. केबिन दिसत नाही. वर मधे तुळई येते, कितीही मान वाकडी केली तरी खुर्चीतल्या माणसाचा चेहरा दिसत नाही. तो दिसायला बाहेर यावं लागतं, उघड्यावर. इतकी वर्षं मी वरून खाली बघितलं आणि हे मला माहीत नव्हतं. मला वाटायचं, ते माझ्या चुका शोधतात.

कुणीतरी हाक मारली तेव्हा पत्र्यावरचा हात काढला आणि कामाला लागले.

दुपारी भट्टी तापली. बादली रिकामी होती, चबुतऱ्यावर टेकलेली, म्हणून चार पावलं बाहेर आले आणि वर बघितलं. जावयाचा चेहरा लालबुंद. जेवणापासून तो वर होता. ओठ चाटत होता आणि एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर होत होता. ते बसणं मी ओळखते. बाटली नाही वर. माझ्या केबिनमध्ये कधी कुणी ठेवलीच नाही ना, म्हणून त्यालाही न्यायची लाज वाटली असणार.

मी मूठ वर केली. क्रेन थांबली. मग बोटाने दाखवलं, खाली उतर.

त्याने वरूनच हात हलवले, नको, ठीक आहे. मी मूठ तशीच ठेवली. भट्टीवाले थांबले, साचेवाले थांबले, सगळी शाळा माझ्याकडे बघायला लागली. फोरमन आले, घड्याळ बघत म्हणाले, काय झालं, दोर अडकला का?

मी म्हणाले, “नाही. माणसाला लघवीला जायचंय.”

मागे दोघेजण फिसकन हसले. जावई शिडी उतरला, कानापर्यंत लाल, आणि माझ्या बाजूने जाताना पुटपुटला, सगळ्यांसमोर शोभा केलीत. पाण्याचा कॅन पुढे केला तर घेतलासुद्धा नाही. तरातरा निघून गेला.

रागावू दे.